पेठेपेठेत खेळाडू तयार होतात, पंच का नाही?

पेठकरी :
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस या तालमी-मंडळांच्या संघांवर आपण रात्र रात्र बोलतो. कोण कुठल्या संघातून कुठं गेलं, सगळं तोंडपाठ. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचा अभिमान प्रत्येक पेठेला आहे. पण शिट्टी घेऊन नव्वद मिनिटं धावणारा माणूस कुठं शिकला, त्याला कुणी घडवलं, हे कुणीच विचारत नाही. त्याची आठवण फक्त शिवी देताना येते.

माझं मत सरळ आहे. पंच तयार करायची जबाबदारी तालमींनीच उचलली पाहिजे. सीनियर संघ उतरवणाऱ्या प्रत्येक तालमीनं दर सीझनला दोन पोरं पंचांच्या प्रशिक्षणाला द्यावीत. नावं आली नाहीत तर एंट्री घेऊ नये. या पोरांनी सुरुवातीची दोन वर्षं फक्त लहान मुलांचे सामने करावेत. शेजारी जुना पंच उभा असावा आणि सामना संपल्यावर त्यानं दहा मिनिटं तिथंच समजावून सांगावं. दुसरं, पंचाशी बोलायचं ते कॅप्टननं. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं २०२४ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, ती आपल्याकडं लगेच लागू करता येतील. अकरा जणांनी घेरल्यावर कुठलाही माणूस नीट विचार करू शकत नाही.

मिरजकर तिकटी :
भावा, भावना कळली, पण तू उलट्या बाजूनं चाललायस. आधी दर्जा, मग मान. ऑफसाइड पकडायला लाइन्समन शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत पाहिजे. आपल्याकडं पास सुटतो तेव्हा तो दहा पावलं मागं असतो आणि झेंडा अंदाजानं वर जातो. गॅलरीतल्या माणसाला ते स्पष्ट दिसतं. मग तो ओरडणार नाही तर काय करणार? आणि तालमीनंच पंच द्यायचा म्हणजे शिवाजी पेठेचा पोरगा मंगळवार पेठेच्या सामन्यात शिट्टी वाजवणार. त्यानं शंभर टक्के बरोबर पेनल्टी दिली तरी ती कुणाला पटायची नाही. मोठ्या सामन्यांना पंच बाहेरूनच आणा. त्याचा खर्च तिकिटातून निघतो.

खासबागचा प्रेक्षक :
कुस्तीवाल्याचंही ऐका. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसली, दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. बंदी योग्यच होती. पण ही वेळ का आली? मातीत वस्ताद पंच असायचा. पैलवानाच्या वस्तादानं त्या पंचासोबत जोर मारलेले असायचे, त्यामुळं पंचाचा शब्द खाली पडत नव्हता. मॅटवर तीन पंच असतात, चॅलेंज असतं, व्हिडिओ बघता येतो, तरी विश्वास कमी झालाय. यंत्रणा आली, ओळख गेली. म्हणून मला बाहेरच्या पंचाचा उपाय पटत नाही. तो सामना करतो आणि रात्रीच्या गाडीनं परत जातो. चुकला तरी त्याला जाब विचारता येत नाही, शिकवता येत नाही.

दुसरा गोलपोस्ट :
एक मुद्दा सुटतोय, प्रेक्षकांनाही नियम माहीत पाहिजेत. गोलकीपरनं चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर आता समोरच्याला कॉर्नर मिळतो, २०२५ पासून. पंच हात वर करून शेवटचे पाच सेकंद बोटांवर मोजतो. आपल्याकडं पहिल्यांदा हा कॉर्नर दिला जाईल तेव्हा अर्ध्या गॅलरीला वाटेल पंच विकला गेला. सीझनच्या आधी प्रत्येक तालमीत बदललेल्या नियमांची एक बैठक व्हायला पाहिजे, संघाच्या मॅनेजरसह.

शिट्टीवाली :
मी मुलींचे आणि शालेय सामने करते. दर्जा आधी की मान आधी, हा वाद मला लांबून घातलेला वाटतो. पोरं पंच म्हणून का टिकत नाहीत ते ऐका. भर उन्हात एका दिवसात तीन सामने. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून मी घरूनच किट घालून निघते. सामना संपला की गाडीपर्यंत एकटं चालत जायचं, मागून आईवरून शिव्या. मानधन हातात कधी पडेल त्याचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी कोर्सला आलेला पोरगा दुसऱ्या वर्षी परत दिसत नाही, तो यामुळं.

फ्रान्सची पंच स्टेफनी फ्रापार्टनं २०२२ च्या विश्वचषकात पुरुषांचा सामना केला. आपल्या पोरींनाही तिथपर्यंत जायचं असेल तर आधी इथल्या मैदानावर त्यांना सुरक्षित वाटलं पाहिजे. माझी मागणी साधी आहे. पंच गाडीत बसेपर्यंत दोन्ही संघांचे मॅनेजर त्याच्या सोबत चालतील. शिवीगाळ झाली तर दंड तालमीला, त्या एका पोराला नाही.

पेठकरी :
ताई, तुमची मागणी माझ्या मागणीच्याही आधी यायला पाहिजे. मिरजकर तिकटी, पेठेचा मुद्दा रास्त आहे. स्वतःच्या पेठेच्या सामन्यात कुणी पंच म्हणून उभं राहू नये, हे लिहूनच ठेवू. पण दोन पोरं देण्यावर मी ठाम आहे. ज्या तालमीचा स्वतःचा पोरगा मधे उभा असतो, ती तालीम दुसऱ्या पंचाला घेरताना थांबते.

आणि पंचगिरी येणारी माणसं आपल्याकडं असणं किती महत्त्वाचं असतं हे कोल्हापूरला तरी सांगायला नको. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांना दोन कुस्त्यांच्या मधली हक्काची विश्रांती न देताच पुढच्या कुस्तीला उतरवलं, आणि नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगितलं जातं. राजाराम कॉलेजात शिकलेल्या त्या माणसानं तरी कांस्यपदक आणलं.

मिरजकर तिकटी :
खाशाबांचं उदाहरण मान्य. लहान मुलांचे सामने, शालेय सामने, तालमींनी दिलेली पोरं, सगळं करा, मी स्वतः माझ्या पुतण्याचं नाव देतो. पण फायनलला पंच बाहेरचाच पाहिजे. दहा हजार माणसांसमोर प्रयोग नको.

शिट्टीवाली :
दादा, फायनल कधीच मिळणार नसेल तर तुमचा पुतण्या पाच वर्षं उन्हात कशासाठी धावेल?

मिरजकर तिकटी :
सेमीफायनलपर्यंत द्या. तिथं लाइन्समन रेषेत दिसला तर फायनलचं बोलू.