मदत हवी आहे: मेंदूतल्या रक्ताची संथ लाट आणि बोट हलण्याचा क्षण

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कपाळावर निअर-इन्फ्रारेड सेन्सर (अदृश्य प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) लावून मोजमाप घेतेय. समोरची व्यक्ती शांत बसते आणि मनात येईल तेव्हा उजव्या तर्जनीने बटण दाबते. घंटा नाही, खूण नाही.

अशा हालचालीआधी सेकंदभर तरी मेंदूत विद्युत तयारी सुरू होते, हे कॉर्नह्यूबर आणि डीके यांनी १९६५ मध्येच दाखवलं. मला मात्र त्याहून संथ गोष्ट झोपू देत नाहीये. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या आलेखात साधारण दर १० सेकंदांनी एक लाट येते, आणि एका ताईंनी बहुतेक वेळा लाट चढत असतानाच बटण दाबलंय. बघून अंगावर काटाच आला.

पण हीच ०.१ हर्ट्झची लय रक्तदाबातही असते (मायर लहरी). त्यात मिनिटाला सहा श्वास घेणाऱ्याचा श्वासही नेमका याच लयीत पडतो. मग मला दिसतंय ते मेंदूचं, की नुसतं कपाळाच्या कातडीतलं रक्त?

कातडीचा भाग वजा करायला प्रकाशस्रोतापासून ८ मिलिमीटरवरचा जवळचा डिटेक्टर पुरेल का? की बोटावरून सलग रक्तदाब आणि छातीच्या पट्ट्याने श्वासही नोंदवायलाच हवा? आणि दाबण्याचे क्षण लाटेच्या कुठल्या टप्प्यावर पडतात ते तपासायला रॅले चाचणी (क्षण एकाच टप्प्याभोवती गोळा होतात का ते पाहणारी) चालेल ना? दोन दाबण्यांमधलं अंतरही १० सेकंदांच्या आसपास असेल तर ती फसवेल, अशी धास्ती वाटतेय. हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.