शांत रीफ टँकमध्ये सिक्सलाइन रॅस: नकोच की चालेल?

खारवी
माझं मत आधीच सांगून टाकतो. शांत रीफ टँक (प्रवाळ नि मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) हवा असेल तर रॅस कुळातला सिक्सलाइन हा मासा आणूच नका.

न्यू जर्सीत घरी ७५ गॅलनचा, चार फुटी टँक आहे. दोन क्लाउनफिश आणि मऊ प्रवाळ. दुकानात सिक्सलाइन दिसतो बोटभर, जांभळ्या अंगावर केशरी पट्टे, भावही खिशाला परवडणारा, त्यामुळे बहुतेकांच्या घरी पहिला रॅस तोच येतो. माझ्याकडेही आला. वर्षभर गुणी बाळ होता. मग मी फायरफिश हा दुसरा मासा आणला आणि बाळाची पाटीलकी सुरू झाली. तो चावे फारसे घ्यायचा नाही, फक्त बाहेर येऊ द्यायचा नाही. मायसिस (खाद्याच्या बारीक कोळंब्या) टाकले की हा कपारीच्या तोंडाशी आडवा उभा. चौथ्या दिवशी फायरफिश ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी बाहेर जातं त्या कप्प्याच्या) कोपऱ्यात मिळाला, पाठीवरचा लांब तुरा कुरतडलेला. सिक्सलाइनला पकडायला निम्मे दगड उपसावे लागले, शेवटी दुकानात परत दिला.

आता बेत असा: एक सोलर फेअरी, एक कार्पेंटर फ्लॅशर, एक यलो कोरिस, तिघंही रॅसच. फेअरी आणि फ्लॅशर मोकळ्या पाण्यात वाहत येणारं टिपतात, कोरिस वाळूत नि दगडांवर किडे शोधत हिंडतो. दगडाच्या सातबाऱ्यावर कुणालाच नाव लावायचं नाही.

मिठागर
खारवीराव, दोष माशाचा की क्रमाचा? तुम्ही त्याला पहिला आणलात आणि वर्षभर अख्खं घर त्याच्या नावावर ठेवलंत. नवा भाडेकरू त्याने का सोसावा?

माझ्याकडे सिक्सलाइन सहा वर्षं आहे. सगळ्यांत शेवटी आणला, तोही लहान. आधी चार दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात टँकमध्येच ठेवला. बाकीच्यांनी काचेबाहेरून फुरफुर केली, दमले, मग सोडला. प्रवाळावरचे चपटकृमी आणि शिंपल्यांचा रस शोषणाऱ्या तांदळाएवढ्या गोगलगायी तो टिपत असतो. कामाचा मासा आहे हो.

खारवी
शेवटचा म्हणजे कायमचाच शेवटचा ना? पुढे एकही मासा आणणार नाही अशी शपथ आपल्या छंदात कोणी पाळल्याचं मला तरी माहीत नाही.

शिंपला
तुम्ही दोघं एकाच माशावर अडलात. खारवी, तुमची यादी चांगली आहे, पण 'शांत' कुणासाठी? यलो कोरिस माशांशी शांत. छोट्या गोगलगायी, नळीतले किडे आणि कधी नाजूक कोळंबी यांना विचारा, ते वेगळं सांगतील. माझ्याकडच्या मेलानुरस रॅसने कधी कुठल्या माशाकडे वाकडी नजर केली नाही, पण पेपरमिंट कोळंब्या दोन होत्या, आता एकही नाही. तोही यलो कोरिसच्याच गणातला, हॅलिकोरेस. (यलो कोरिस नावालाच कोरिस, खऱ्या कोरिस गणातला नव्हे.)

आणि वाळू किती आहे? हे मासे रात्री वाळूत झोपतात. किमान ५ सेंटिमीटर हवी, तीही बारीक. खडबडीत भरड असेल तर अंग सोलवटतं. फेअरीला वाळू नको, तो कपारीत स्वतःभोवती चिकट पारदर्शक खोळ विणून झोपतो. सकाळी ती दुधावरच्या सायीसारखी तरंगताना दिसली तर टँक बिघडला म्हणून घाबरू नका.

ठाणेकर
मी फक्त मासे ठेवतो. दगडी प्रवाळ इथे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत, त्या भानगडीत पडत नाही. पण रॅसवरून एकदा फसलोय. दुकानदाराने लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांचं गोंडस पिल्लू दिलं, म्हणाला "छोटाच राहतो." तो निघाला कोरिस गेमार्ड! मोठा झाला की फूटभराच्या वर जातो. रंग बदलत गेला तसे दगडही उलथायला लागला. त्यामुळे सिक्सलाइन का फेअरी हा वाद नंतर. पिल्लाचा आणि मोठ्याचा, दोघांचे फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मिठागर
हे पटलं. पण खारवीराव, फेअरीला संत ठरवू नका. एकाच जातीचे दोन नर ठेवा आणि बघा. आणि "मग दोन माद्या घेतो" म्हणाल तर या कुळात मादीचा नर होतो, नर नसेल तर थोरली मादी रंग बदलून ती जागा घेते. एक नर, त्याच जातीच्या माद्या, आणि दुसरा रॅस दिसायला अगदी वेगळा, एवढं पाळा. लाल फेअरीशेजारी दुसरा लाल फेअरी नको.

खारवी
म्हणून तर एकेकच घेतोय. शिंपलाताई, वाळू ७ सेंटिमीटर आहे, बारीक. यलो कोरिस शनिवारी आणला. सोडल्यावर पाच मिनिटांत डोकं खुपसून गायब. रविवार गेला, सोमवार गेला, बायको म्हणाली, "मेला असेल, उकरून बघ." मी उकरलं नाही. आज सकाळी वाळूतून आधी दोन डोळे वर आले, मग अख्खा पिवळाधम्मक मासा बाहेर. दुपारी मायसिस खाल्ले. फेअरी पुढच्या आठवड्यात.

शिंपला
उकरलं नाहीत ते उत्तम. आता झाकण? फेअरी-फ्लॅशर दचकले की थेट वर उडी मारतात. आमचा पहिला फ्लॅशर सोफ्याखाली मिळाला होता, सुकट होऊन.

खारवी
वरून बारीक जाळी ताणली आहे. फक्त पंपाच्या वायरीपाशी दोन बोटं फट राहते.

मिठागर
तिथूनच जाईल. फेअरी आणायच्या आधी बुजवा.