ऑर्किडची नेमकी ठिकाणं जाहीर करावीत का?

रानवेल (धागाकर्ती)
खाणी, रस्ते आणि लागवडीखाली जमीन झपाट्याने जातेय अशा भागांतल्या ऑर्किड सर्वेक्षणांची एक रीत मला मुळीच पटत नाही. ठिकाणं गुप्त ठेवली जातात. अहवालात नुसतं 'गवताळ उतार' एवढंच येतं. आराखडा करणाऱ्याला ती जागा मोकळी दिसते आणि परवानगी निघते. जे नकाशावर नाही त्यासाठी रस्ता कोण वळवणार? अक्षांश-रेखांशासकट सगळं जाहीर करा.

कंदमूळ
सपशेल असहमत. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स ही उत्तर व्हिएतनाममधली ऑर्किडची जाती 1999 साली विज्ञानाला कळली आणि काही वर्षांतच व्यापारासाठी ओरबाडून जंगलातून जवळपास संपवली गेली. सगळी ऑर्किडं साइट्स (रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराखाली येतात आणि तो करार 1975 पासून लागू आहे. तरीही हे घडलं!
याउलट ब्रिटनमधली लेडीज स्लिपर ऑर्किड घ्या. 1917 मध्ये ती नामशेष मानली गेली, 1930 मध्ये यॉर्कशरमध्ये एक रोप सापडलं. ती जागा कित्येक दशकं मोजक्या माणसांपलीकडे गेली नाही, म्हणून ते रोप टिकलं.

रानवेल
टिकलं, कारण तिथे कुणी खाण काढली नाही. चोर रोपं उपटतो. बुलडोझर अख्खा उतारच नेतो.

तृणपाती
नकाशात मुळात काय येतं, तेही बघा. जमिनीवरची बरीच ऑर्किडं वर्षातले काही महिनेच वर दिसतात. फुलं नसतील तेव्हा गवत बाजूला सारून गुडघ्यावर बसलात तरी हाती लागतात मातीला चिकटलेली दोन पानं, फार तर गेल्या हंगामातलं सुकलेलं बोंड. तेवढ्यावरून जात ठरवणं अनेकदा अशक्य. शिवाय काही रोपं एखादं वर्ष, कधी त्याहून जास्त काळ, जमिनीखालीच राहतात. इंग्लंडमध्ये अर्ली स्पायडर ऑर्किडच्या एकाच वस्तीची 1975 पासून तीस वर्षांहून जास्त काळ रोपागणिक नोंद ठेवली गेली, तेव्हा हे लपणं नीट मोजता आलं. आणि आपण एका फेरीत 'आढळले नाही' लिहून मोकळे होतो. त्या दोन शब्दांवर जमीन जाते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच आहे.

वाटसरू
एवढा अडसर कशाला? रोपं काढून सुरक्षित जागी लावा, प्रकल्पही होऊ द्या. लोकांना कामही हवंय.

तृणपाती
लावता येतात, पण वस्ती उभी राहत नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशी मातीत असेल तरच ते रुजतं. परागण करणारा कीटकही तिथे हवा. हलवलेलं रोप दोन-चार वर्षं फुलेल, फोटोही छान येतील. पिल्लं कुठे दिसतात ते विचारा.

कंदमूळ
रानवेल, मधला मार्ग आहे. जीबीआयएफसारख्या, जीवजाती कुठे आढळल्या याच्या खुल्या नोंदसंग्रहांत संवेदनशील जातींचं ठिकाण मुद्दाम ढोबळ करून देण्याची पद्धत आहेच. लोकांना नकाशावरचा ढोबळ चौकोन द्या, नेमका बिंदू परवानगी देणाऱ्या कार्यालयाला.

रानवेल
बिंदू त्यांच्याकडे जायलाच हवा. पण तो कागद बाजूला ठेवून परवानगी दिली, तर आम्हाला कळणार कसं? निदान 'या चौकोनात संकटग्रस्त ऑर्किड आहे आणि तरीही आम्ही या कारणाने परवानगी देतोय' हे लेखी जाहीर झालं पाहिजे. एवढं बंधन असेल तर बिंदू झाकायला माझी हरकत नाही. नसेल, तर मी बिंदूच मागणार.