पुनर्वापर, पुनर्चक्रण की मोड?

तापीकाठ
जळगावच्या एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचा अनुवाद करतेय. शेअर बाजाराची नियामक सेबी हिच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांच्या अहवालाच्या नमुन्यात (२०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा) एक तक्ता आहे : आयुष्य संपल्यावर परत घेतलेला माल किती टन, त्यातला ‘रियूज’ किती, ‘रिसायकल’ किती, सुरक्षित विल्हेवाट किती. मी पुनर्वापर आणि पुनर्चक्रण असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी पुनर्चक्रण ‘हिंदी’ म्हणून खोडलं आणि तिथेही पुनर्वापरच घातलं. शेजारशेजारच्या दोन रकान्यांना एकच नाव! आणि ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ (वापरलेला माल पुन्हा पुन्हा फिरवणारी अर्थव्यवस्था) चक्रीय की वर्तुळाकार?

विसर्ग
हिंदी असण्याचा प्रश्न नंतर, आधी संधी बघा. विसर्गापुढे च आला की श् होतो : पुनश्च, निश्चल. म्हणून पुनश्चक्रण. पुनर्प्रक्रियाही चूक, पुनःप्रक्रिया हवं.

फळाखडू, अमळनेर
‘पुनर्परीक्षा’ पोरं रोज लिहितात, तो शब्द आता कोण मागे घेणार? ‘चक्रीय’ मात्र नको. चक्रीय बेकारी म्हणजे तेजी-मंदीबरोबर येणारीजाणारी, हे अकरावीला शिकवतो. उत्पन्नाचा ‘चक्राकार प्रवाह’ पुस्तकात आहेच, तोच शब्द घ्या.

सराफकट्टा
शब्द आपल्याकडे आहे : मोड. तीन पिढ्या हेच काम. जुना दागिना आला की ती मोड. आटवायची, घट वजा करायची, उरलेल्याचा नवा घडवायचा. दागिना उजळून पुन्हा घातला तर तो वापर. आजी फुटकी पितळी भांडी मोडीत घालायची आणि जुन्या साड्या बोहारणीला द्यायची, कारण साडी पुढे कुणीतरी नेसणार होतं. तुमचे दोन रकाने तिला पाठ होते.

विसर्ग
‘कंपनीने इतके टन मोडीत काढले’ वाचून भागधारक काय समजेल? निकामी ठरवलं, एवढंच.

सराफकट्टा
मोडीत काढणं वेगळं, मोडीत घालणं वेगळं.

चटईगल्ली
एमआयडीसीत जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरण्याजोगं करण्याला आम्ही ‘रीप्रोसेस’ म्हणतो आणि तयार मालाला दाणा. पण ‘वर्तुळाकार’वर माझा खरा आक्षेप आहे. ठिबकची नळी पॉलिथिलीनची, पाइप पीव्हीसीचा. दोन्ही एकत्र वितळवता येत नाहीत. शेतातून आलेल्या नळीला माती चिकटलेली, उन्हाने ती कडकलेली. तिच्यापासून पुन्हा नळी झाली तर वर्तुळ. हलक्या प्रतीची वस्तू झाली आणि तिच्यानंतर काहीच होणार नसेल, तर ती उतरंड आहे. अहवालात दोन्ही एकाच आकड्यात बसतात. सराफाची ‘घट’ही त्या रकान्यात दिसत नाही : धुतल्यावर माती जाते, गाळताना खडा-कचरा जातो, १०० किलोचा १०० किलो दाणा कधीच होत नाही. मला ‘मोड’पेक्षा ‘घट’ हा शब्द अहवालात यावा असं फार वाटतं.

फळाखडू, अमळनेर
‘उतरंड’ फार नेमकं.

यावलकर
‘वापर’ आणि आपलं ‘वावर’, म्हणजे शेत, दोन्ही ‘व्यापार’ या एकाच शब्दातून आले, असं माझं ठाम मत आहे. माणसाचा वावर असतो ते वावर. म्हणून पुनर्वापराला हात लावू नका. घड काढल्यावर केळीच्या खोडाची कुट्टी करून तिथेच पसरवायचो, तेव्हा माय म्हने, ‘वावरनं वावरमाच जावाले पाह्यजे.’

विसर्ग
वापर मराठी, पुनर् संस्कृत. जोड मुळातच बेंगरूळ आहे. आणि पुणे-साताऱ्याला शेताला वावर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

यावलकर
मी सासवडच्या मामांकडून ऐकलंय. तुम्ही बांधावर गेला होतात का?

तापीकाठ
मंडळी, तक्ता उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त ‘जसाच्या तसा पुन्हा वापरलेला’ आणि ‘मोडून पुन्हा घडवलेला’ असं लिहिते. रकाना अरुंद आहे, दोन ओळी होतील.

जिनिंगवाला, धरणगाव
कापसातून रुई काढली, सरकीचं तेल काढलं, उरलेली ढेप गुरांनी खाल्ली. ढेप या तक्त्यात कुठे बसते? पुनर्वापर नाही, मोड नाही, आणि कचरा तर बापजन्मी नाही.

विसर्ग
सरकीची व्युत्पत्ती कुणी पाहिली आहे का?