पायराइटचे अमोनाइट: सफाई कशी करावी, भुकटी कशी थांबवावी?

गारगोटी

समुद्रकाठच्या काळ्या शेल खडकामधले सहा अमोनाइट (गुंडाळ्या शंखाच्या प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) आहेत, २ ते ५ सेंमी व्यासाचे, सोनेरी आणि हाताला जड. पाचांवर चिकणमाती आणि तांबूस गंज आहे. सहाव्याच्या भेगेत पांढरट-पिवळी भुकटी दिसते आणि नाकाजवळ नेला की गंधकासारखा वास येतो. बेत असा आहे: रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायचे, पितळी ब्रशने घासायचे, वरून पारदर्शक लॅकर मारायचं आणि काचेच्या कपाटात मांडायचे. यात काही चुकतंय का?

कातळखूण

व्हिनेगर आणि लॅकर दोन्ही रद्द करा. ब्रशचं नंतर बघू.

आधी भुकटी का होते ते पाहा. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प मिळालं की त्याचं लोह सल्फेट आणि गंधकाम्ल होतं. सल्फेटला मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नमुना आतून फुगून तडकतो. आम्ल शेजारच्या कॅल्साइटच्या कवचाला लागलं की त्याचं जिप्सम होतं, तेही फुगतं. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे वेगाने चालतं. ३० ते ४० टक्क्यांच्या खाली ते फार मंदावतं.

सगळे पायराइट सारखे नसतात. मोठे, चकचकीत स्फटिक बराच काळ टिकतात. काही मायक्रॉनच्या कणांचे रासबेरीसारखे गोळे असतात, त्यांना फ्रॅम्बॉइड म्हणतात. त्यांचं पृष्ठफळ प्रचंड, म्हणून ते सगळ्यात आधी ढासळतात. १० पट भिंगातून नमुना मळकट, सच्छिद्र आणि काळपट दिसला तर तो बेभरवशाचा समजा.

आता निरोगी पाच. ते समुद्राकाठचे आहेत, त्यामुळे आत मीठ आहे, आणि मीठ बाष्प ओढून घेतं. माती मऊ ब्रशने, लाकडी टोकाने काढा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये २४ तास ठेवा आणि त्या काळात पाणी ३-४ वेळा बदला. याहून जास्त भिजवू नका, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही आपलं काम करतच असतो. बाहेर काढल्यावर टिपून घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक तास दोनदा बुडवा, दुसऱ्या वेळी ताजं अल्कोहोल घ्या. ते आतलं पाणी बाहेर काढतं. अल्कोहोल मोकळ्या हवेत पूर्ण उडून गेल्यावरच ५० अंशांच्या आसपास कोरड्या उष्णतेत ठेवा, ओले नमुने घातले तर भडका उडेल. रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की नमुना कोरडा. बोटाला कोरडा लागणं ही काही कसोटी नव्हे, अमोनाइटच्या आतल्या कप्प्यांत पाणी दडून बसतं.

सोनमाखी

पितळी ब्रशबद्दल. मोहस मापनावर पायराइटची कठीणता ६ ते ६.५ आणि पितळाची ३ च्या आसपास, त्यामुळे ओरखडा पडत नाही हे खरं. पण पितळच घासून पायराइटला लागतं आणि छान सोनेरी चकाकी येते. ती चकाकी जीवाश्माची नसते, ब्रशची असते! विकायला ठेवलेले बरेच 'सोनेरी' अमोनाइट याच युक्तीने चमकवलेले असतात. शिवाय कॅल्साइटही ३ च, कवच शिल्लक असेल तर त्यावर ओरखडे पडतीलच. काचतंतूंचा पेन-ब्रश बरा. त्याचे तुकडे कातडीत आणि डोळ्यांत जातात, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि खाली ओला कागद हवाच.

तांबूस गंजासाठी आम्ल नको. कपडे उजळवायचं ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर अजिबात नको, दोन्ही पायराइटचं ऑक्सिडीकरण करतात. पेरॉक्साइडमध्ये तर ते तापून फसफसतं. गंज घालवायला वॉलर द्रावण वापरतात: १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे ७० ग्रॅम सोडियम सायट्रेट, ८.५ ग्रॅम खायचा सोडा आणि अगदी शेवटी २० ग्रॅम सोडियम डायथायोनाइट. पायराइटला ते खात नाही, फक्त लोहाचे ऑक्साइड सोडवतं. द्रावण काही तासांत निकामी होतं, म्हणून लागेल तेवढंच करा. भांडं झाका पण घट्ट बंद करू नका. सल्फर डायऑक्साइडचा वास येतो, तेव्हा काम उघड्यावरच. नंतर पुन्हा धुणं आणि वाळवणं, कातळखूण यांनी सांगितलं तसं.

गारगोटी

पाचांचं कळलं. पण सहाव्याचं काय? आणि लॅकर नको ते का? हवा अडेल ना?

कातळखूण

लॅकरचा थर सलग नसतो, आणि असला तरी त्यातून बाष्प आत झिरपतं. आम्ल आणि सल्फेट मात्र आत कोंडून राहतात. वरून चकाकी, खाली भुकटी, आणि पुढे उपचार करायचे तर आधी थर सोलत बसा. तडा जोडायचा असेल तर पॅरालॉइड बी-७२ (एक ऍक्रिलिक राळ) ऍसिटोनमध्ये ५ टक्के करून थेंबाथेंबाने द्या. ते फक्त कण धरून ठेवतं, रोग थांबवत नाही.

सहावा आजच वेगळा काढा. त्याला पाणी लावू नका. भुकटी कोरड्या ब्रशने पूर्ण झाडा, सुईने भेगेतली उकरा, आणि ती फेकून द्या, ती आम्लयुक्त असते. सोड्याच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. आम्ल मरतं खरं, पण सोडियम सल्फेट छिद्रांत राहतं आणि आर्द्रतेच्या चढउताराबरोबर स्फटिक बनून पुन्हा तडे पाडतं.

आम्लावर अमोनियाची वाफ हा सोपा उपाय आहे. झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला छोट्या वाटीत तीव्र अमोनिया, वर प्लास्टिकच्या जाळीवर नमुना. द्रवाचा स्पर्श होऊ नये. उरलेलं सल्फेट लालसर तपकिरी होत जातं. रंग बदलायचा थांबला की काढा, साधारण काही तास लागतात. अमोनिया द्रावणात पाणी असतं म्हणून बरणीत आर्द्रता वाढते. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल ४०० मिसळलं की ती कमी राहते. हे फक्त उघड्यावर, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून करा आणि जवळपास ब्लीच असू देऊ नका.

सोनमाखी

दुसरा उपाय इथॅनॉलअमाइन थायोग्लायकोलेट, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ३ ते ५ टक्के. सल्फेटमधल्या लोहाशी त्याचा जांभळा रंग होतो. जांभळं झालं की द्रावण बदला, रंग येईनासा होईपर्यंत. भेगेच्या आतलं सल्फेटही निघतं, हा अमोनियापेक्षा फायदा. वास भयंकर आणि कातडीला घातक. शेवटी स्वच्छ अल्कोहोलने धुवा. गाभ्यात सिडेराइटसारखी दुसरी लोहखनिजं असतील तर तीही चघळली जातात, म्हणून नमुना त्यात टाकून विसरू नका.

शंखचक्र

साठवणीबद्दल कोणी बोललंच नाही. काचेचं कपाट नको. लाकडाचे खण तर नकोच, लाकडातून आम्ल वाफा येतात. पॉलिप्रोपिलिनचा, रबरी कडेचा घट्ट डबा घ्या. दर लिटर जागेला सुमारे २० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम, आणि आत आर्द्रता दाखवणारं कार्ड. नारंगी जेल रंग बदललं की ११०-१२० अंशांवर ३-४ तास तापवून, थंड झाल्यावर परत घाला. खाद्यपदार्थांच्या ऑक्सिजन-शोषक पुड्या यात टाकू नका. त्यातलं लोखंड गंजायला ओल लागते आणि जेल ती ओलच पळवतं, दोघं एकमेकांच्या पायांत पाय घालतात.

सहाव्याला त्या पाचांच्या डब्यात ठेवू नका. चिठ्ठी नमुन्याला चिकटून नको, आम्ल कागद खातं आणि मग सापडल्याची जागाच हरवते. पॉलिथिनच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि क्रमांक डब्यावरही लिहा. दर तीन महिन्यांनी भिंग लावून भेगा पाहा. फोटो काढून ठेवले तर नवी भेग लगेच लक्षात येते.

गारगोटी

फ्रॅम्बॉइडचा असला आणि पुन्हा फुटायला लागला तर?

कातळखूण

मग सिलिकॉन तेलात बुडवून ठेवायचा, हवा आणि पाणी दोन्ही तोडायचं. इंग्लंडमधल्या शेपी बेटावरच्या लंडन क्ले या चिकणमातीच्या थरातली पायराइट झालेली फळं-बिया अशाच जपल्या जातात. आधी पूर्ण वाळवा, नाहीतर ओल तेलाखाली अडकेल. साचाही आताच करून घ्या, सांगाड्यात अजून ताकद आहे तोवर.