मदत हवी आहे: शेजारचा भूखंड निवासीतून वाणिज्य विभागात जातोय, हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीला लागून एक मोठा मोकळा भूखंड आहे. विकास योजनेत, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, तो निवासी विभागात आहे. तो आता वाणिज्य विभागात घेण्याच्या फेरबदलाची जाहीर सूचना निघाली आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली. हरकतींसाठी एक महिना असतो. त्यातले बरेच दिवस सूचना कुणाच्या नजरेसच पडली नाही म्हणून गेले.

आमचा दुकानांना विरोध नाही. निवासी विभागातही रस्त्याच्या रुंदीनुसार दुकानं, दवाखाने चालतातच आणि ते सोयीचंच आहे. भीती वेगळी आहे. विकासक सगळ्यांना एक देखणं चित्र दाखवतोय: छोटी बाजारपेठ, झाडं, बसायला बाकं. पण फेरबदल मंजूर होतो तो जमिनीच्या वापराचा, त्या चित्राचा नाही. विभाग एकदा बदलला की उद्या तिथे मोठं व्यापारी संकुल किंवा हॉटेलही नियमात बसू शकतं. भूखंडाला रस्ता मात्र आमच्याच गल्लीतून. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे मालाचे ट्रक कसे फिरणार? रात्री रुग्णवाहिका आली तर? सांडपाण्याची वाहिनीसुद्धा घरांच्या हिशेबाने टाकलेली आहे, पावसाळ्यात ती आत्ताच तुंबते.

झोन दाखला (जमीन कुठल्या विभागात आहे याचं प्रमाणपत्र) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशाचा तेवढाच भाग) यांसाठी अर्ज केला आहे. प्रस्तावाची फाईल पाहायला माहिती अधिकारातही अर्ज टाकला, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर हरकतींची तारीख उलटून जाईल. म्हणून कार्यालयात जाऊन नकाशा बघून आलो. त्यात भूखंडाची हद्द दिसते, रस्ता रुंद करण्याबद्दल काहीच दिसत नाही.

आता अडलंय ते असं. कलम ३७ नुसार फेरबदलाने विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. एका भूखंडाच्या बाबतीत हा मुद्दा टिकतो का? बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिसरातल्या रहिवाशांचा दाद मागायचा हक्क मान्य केला होता. तिथे मात्र बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, आमच्याकडची जमीन खासगी आणि निवासी आहे. तो दाखला हरकतीत द्यावा, की त्याने उगाच फाटे फुटतील?

याच कलमात बाधित व्यक्तींना नोटीस द्यायची तरतूद आहे. शेजारचे रहिवासी 'बाधित' धरतात, की फक्त जमीनमालक? आम्हाला कुणालाच नोटीस आलेली नाही.

वसाहतीत एकमत नाही, हेही सांगायला हवं. काहींना वाटतं आपल्याही घरांचे भाव वाढतील, आणि ते सही करणार नाहीत. त्यामुळे एकच सामूहिक अर्ज द्यावा की प्रत्येकाने आपल्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी? एकाच मजकुराच्या झेरॉक्स एकच हरकत म्हणून मोजतात असं ऐकलं आहे. तसा अनुभव कुणाला आहे का?

अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते आणि शासन अटी घालू शकतं. म्हणून नुसता 'नको' न म्हणता पर्यायी मागणीही लिहायचा माझा विचार आहे: प्रवेश फक्त मुख्य रस्त्याकडून, मालाच्या गाड्यांना रात्री बंदी, घरांच्या बाजूने झाडांचा पट्टा, आणि हे सगळं मंजुरीच्या अधिसूचनेतच नमूद व्हावं. काहीजण म्हणतात, अशाने आपण अर्धी संमती दिल्यासारखं होतं. मला तसं वाटत नाही, पण हरकतींवरच्या सुनावणीला प्रत्यक्ष उभं राहिलेल्यांनी सांगावं.

सुनावणीत बोलायला किती वेळ मिळतो, वकील न्यावा लागतो का, आणि आपलं म्हणणं अहवालात नोंदलं गेलं की नाही हे नंतर कुठे तपासायचं? कुणाकडे आधी दिलेल्या हरकतीचा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाकाल का? मुदत संपायला थोडेच दिवस उरले आहेत.