एकटा असलो तर एक प्लेट, ग्रुपमध्ये दोन. हे काय प्रकरण आहे?

संत्रा_मार्केट: राजेहो, एक गोष्ट मी रोज पाहून राहिलो. ऑफिसात घरून पोळी-भाजी खाऊन आलेला माणूस पण चार जण तर्री पोहे खायला निघाले की उठते, आणि ठेल्यावर पहिल्यानं "भाऊ तर्री जास्त टाका" म्हटलं की मागच्या सगळ्यांच्याच प्लेटीत तर्री जास्त पडते, भूक असो नसो. माझं म्हणणं, किती खायचं ते पोट नाही, सोबतचे लोक ठरवतात. 1989 मध्ये अमेरिकेत जॉन द कॅस्ट्रो नावाच्या संशोधकानं लोकांना खाल्लेलं सगळं डायरीत लिहायला लावलं, तर सोबत घेतलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी 44 टक्के मोठं निघालं.

बर्डीवाला: काही पण बे. कोणी तोंडात कोंबून राहिलं का? चार जण बसले की गप्पांत तास जाते, तासभर हात चालला तर जास्त जाणारच पोटात. आणि लोक जमतात केव्हा, सणाला नाहीतर लग्नात, तिथं स्वयंपाकच तसा असते.

धरमपेठची_ताई: @बर्डीवाला कोंबत नाही?? पंगतीत बसला नाहीत वाटतं कधी. ताटावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच, वरून "डायटिंग करून राहिली का गं" हे चार बायांसमोर ऐकण्यापेक्षा बाई मुकाट गिळते. उलटं पण आहे. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगी दोन चमचे पोहे खाते आणि मैत्रिणींसोबत तीच सावजी मटण हाणते. पोट तर एकच आहे ना तिचं?

महालकर: अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवरचा अभ्यास आहे 2007 चा, 12,067 लोक, 32 वर्षांची माहिती. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ व्हायची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते म्हणे. पण त्यावर बाकीच्या संशोधकांनी आक्षेप घेतलाच, की सारख्या सवयीचेच लोक मित्र होतात, मग कोणी कोणाला बिघडवलं हे सांगणार कसं? मला हे पटते, खादाडाला खादाडच सापडते.

बर्डीवाला: तेच तर म्हणतो मी!

संत्रा_मार्केट: मग रील आली की एकाच ठेल्यावर रांग आणि बाजूचा माशा मारत बसते, ते काय?

बर्डीवाला: रांग म्हणजे खप, खप म्हणजे माल ताजा. अक्कल लावून उभा राहतो मी तिथं.

संत्रा_मार्केट: ताजा असते, मान्य. पण घरून जेवून आल्यावर त्या ताज्याचं काय काम, ते सांग ना बे.